कुटुंबाचा फोटो आणि ज्येष्ठांचा पोशाख

होळी सरली, पळस फुलून गळू लागला आणि कडुनिंबाला मोहोर आला, की आपल्या नांदेड-लातूरकडे घरोघरी एक बेत ठरू लागतो. पुण्या-मुंबईस नोकरी करणारी मुले पाडव्याला गावी येतात, नातवंडांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात, आणि ‘या वेळी सगळ्यांचा मिळून एक चांगला फोटो काढूच’ असे कोणीतरी म्हणते. पूर्वी अशा फोटोसाठी पेठेतील स्टुडिओत जावे लागे. आता छायाचित्रकारच घरी येतो, किंवा सारे कुटुंब एखाद्या बागेत, नदीकाठी वा किल्ल्यावर जाते. त्यासाठी एकाच रंगाचे कपडे ठरतात, खरेदी होते, ब्लाऊज शिवून येतात. या सगळ्या धामधुमीत घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने काय घालावे, याचा निर्णय मात्र बहुधा तिला न विचारताच झालेला असतो.

कपड्यांविषयी एका डॉक्टरने काय सांगावे, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दरवर्षी चैत्राच्या सुमारास अशा समारंभानंतर दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांच्या तक्रारी ठरावीक असतात. कोणाला उन्हात उभे राहून चक्कर आलेली असते, कोणाच्या पायाला नव्या चपलेने फोड आलेला असतो, कोणी लांब निऱ्यांत पाय अडकून पडलेले असते, तर कोणाच्या पापण्या कलप लावल्याने सुजलेल्या असतात. यातील जवळजवळ प्रत्येक त्रास थोड्या पूर्वविचाराने टळू शकतो. म्हणून या अंकात हा विषय घेत आहे.

‘मला नको फोटोत’ या वाक्याचा अर्थ

पहिला मुद्दा कपड्यांचा नाही, विचारण्याचा आहे. फोटोची गोष्ट निघाली की पुष्कळ घरांतील आजी वा आजोबा म्हणतात, “माझा कशाला आता फोटो? तुम्ही काढून घ्या.” घरचे त्यास संकोच समजतात आणि एकतर आग्रह करतात किंवा सोडून देतात. माझा अनुभव असा, की या नकारामागे अनेकदा एखादे शारीरिक कारण असते आणि ते चारचौघांत सांगण्यासारखे नसते.

माझ्याकडे मधुमेहासाठी येणाऱ्या एका आजींनी असाच नकार दिला होता. सुनेने हौसेने साडी आणि तयार ब्लाऊज आणले होते. आजी रुसल्या आहेत, असे घरी सर्वांना वाटत होते. तपासताना लक्षात आले, की त्यांचा उजवा खांदा आखडलेला होता. हात मागे नेणे वा खांद्यावर उचलणे त्यांना जमत नव्हते. मधुमेह्यांमध्ये असा खांदा आखडणे बरेच आढळते. रोज त्या जुनी, सैल झालेली चोळी कशीबशी घालत. नवे, अंगासरशी शिवलेले, मागे हुक असलेले ब्लाऊज त्यांच्याने घातले जाणारच नव्हते, आणि सुनेसमोर तसे कबूल करणे त्यांना अवघड वाटत होते. ब्लाऊज पुढून उघडणारे, मोठ्या बाह्यांचे करून घेतले आणि प्रश्न मिटला. खांद्यावरचे उपचारही त्याच निमित्ताने सुरू झाले.

नकाराची आणखीही कारणे असतात. शिंक वा खोकला आला की लघवीचा थेंब जातो, आणि नव्या साडीवर डाग पडेल अशी धास्ती असते. कवळी सैल झालेली असते, त्यामुळे हसता येत नाही. हाताला कंप असतो आणि तो सर्वांना दिसेल असे वाटते. आजोबांना धोतराचा कासोटा स्वतः घालता येईनासा झालेला असतो आणि मुलाकडून तो घालून घेण्याची लाज वाटते. म्हणून सांभाळ करणाऱ्यांना माझी विनंती आहे, की हा विषय चारचौघांत काढू नका. दुपारी निवांत वेळी, एकट्याने जवळ बसून विचारा: “कपडे घालताना काही त्रास होतो का?” उत्तर मिळाले तर फोटोचा प्रश्न सुटेलच, शिवाय महिनोन्‌महिने लपवलेला एखादा आजारही उजेडात येईल. सैल कवळी नीट बसवता येते आणि लघवीच्या या तक्रारीवर व्यायाम व औषधे आहेत. कंपाचेही निदान करता येते.

रंग कोणी ठरवावा?

सर्वांनी एकसारखा रंग घालण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. त्यात वावगे काही नाही. पण जन्मभर नऊवारी नेसलेल्या बाईला फोटोपुरती सहावारी नेसवणे, किंवा सदैव धोतर-नेहरू शर्ट-टोपी वापरलेल्या गृहस्थास चुडीदार कुडता चढवणे, हे त्या व्यक्तीला तिच्याच घरात परके करणारे आहे. आपल्या भागात इरकल आहे, नारायणपेठ आहे, किनवट-माहूरच्या तांड्यांतील वडीलधाऱ्या स्त्रियांची फेटिया-कांचळी आहे, नांदेडच्या शीख कुटुंबातील आजोबांची पगडी आहे, मुस्लीम कुटुंबातील नानींचा दुपट्टा आहे. ज्येष्ठांच्या नेहमीच्या पेहरावातील एखादा रंग घेऊन बाकीच्यांनी त्याला जुळेल असे घालावे. आजींच्या इरकलीच्या काठाचा रंग नातवंडांच्या कपड्यांत आला, तर फोटो एकरूपही दिसतो आणि आजींना काही बदलावेही लागत नाही.

येथे एक नाजूक गोष्ट बोलणे आवश्यक आहे. पती गेलेल्या आजी पुष्कळदा फिकट साडी नेसून, कपाळ मोकळे ठेवून, रांगेच्या अगदी कडेला उभ्या राहतात. कोणी त्यांना तेथे उभे केलेले नसते. त्या आपणहून जातात, कारण आयुष्यभर तसेच शिकवले गेले आहे. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तो आदर्श घेण्यास परिपत्रकाने सुचविले. ठराव गावाचा असतो; मनाला मात्र वेळ लागतो. म्हणून रंगीत साडीची सक्ती करू नये आणि पांढऱ्या साडीचीही करू नये. दोन साड्या समोर ठेवाव्यात, एक नेहमीची आणि एक थोड्या उजळ रंगाची, आणि “यातली कोणती?” एवढेच विचारावे. कोणतीही निवडली तरी खुर्ची मात्र मधोमध ठेवावी. एकटेपणा आणि उदासी हे उतारवयातील खरे आजार आहेत. घरात आपली जागा मध्यभागी आहे, ही जाणीव त्यावर मोठा आधार ठरते.

कापड आणि ऊन

पंचांगात हा वसंत असला तरी मराठवाड्यात मार्चअखेरीस पारा चाळिशीकडे सरकू लागतो. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो आणि त्वचेतून उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती घटते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर शरीरातील पाणी आणखी लवकर कमी होते. अशा वेळी नायलॉन, पॉलिस्टर किंवा जाड अस्तराचा जॅकेट-कुडता घालून अर्धा तास उन्हात उभे राहणे धोक्याचे आहे. सुती, खादी किंवा मऊ, हलके रेशीम हेच योग्य. खादीसाठी आपल्याला दूर जाण्याचेही कारण नाही. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात आणि त्यांचे कापड लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या केंद्रात विणले जाते. ज्या भागात ध्वजाचे कापड विणतात, त्या भागातील आजोबांच्या अंगावर फोटोच्या दिवशी खादीचा सदरा असावा, हे मला फार शोभून दिसते.

जरीची जड साडी किंवा पैठणी नेसायचीच असेल, तर ती फोटोपुरती, सावलीत वा घरात नेसावी आणि लगेच बदलावी. आत सुती परकर व सुती ब्लाऊज असावे, म्हणजे जरीची बोच त्वचेला लागत नाही.

ट्रंकेतून काढलेल्या कपड्यांना डांबरगोळ्यांचा उग्र वास असतो. दम्याच्या रुग्णाला त्याने धाप लागू शकते, आणि रक्तातील एका विशिष्ट विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या संपर्काने फुटू शकतात. असे कपडे दोन-तीन दिवस आधी बाहेर काढून सावलीत, वाऱ्यावर टाकावेत. नवे सुती कपडेही एकदा धुऊनच घालावेत. त्यावरील खळ आणि रसायने वृद्धांच्या कोरड्या त्वचेला खाज आणतात.

नाडी, गळपट्टी आणि फेटा

घट्ट बांधलेले कापड ही साधी बाब वाटते. पण आपल्या पोशाखाच्या संदर्भात वैद्यकशास्त्राने तिची नोंद फार पूर्वी घेतली आहे. मुंबईचे ख्यातनाम विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी 1945 साली धोतराच्या घट्ट गाठीच्या जागी होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. अलीकडे, 2024 मध्ये, वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी कमरेवरील अशाच कर्करोगाच्या दोन रुग्णांची माहिती एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दिली. त्यांतील एक बाई परकराची नाडी वर्षानुवर्षे आवळून बांधत असत. दुसऱ्या बाई लुगडे नेसत. लुगड्याखाली परकर नसतो, पण ते कमरेला अतिशय घट्ट बांधलेले असे. दोघींच्याही कमरेवर आधी त्वचेचा रंग व पोत बदलला आणि पुढे तेथेच भरून न येणारी जखम झाली.

यावरून घाबरण्याचे कारण नाही. हा प्रकार अत्यंत विरळ आहे. परंतु साडी नेसविताना आजींच्या कमरेकडे एकदा नीट पाहा. काळा पट्टा, खाज, खपली किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर ती डॉक्टरांना दाखवा. बारीक नाडीऐवजी रुंद पट्टा किंवा रुंद इलॅस्टिक वापरा आणि बांधल्यावर दोन बोटे सहज आत जातील इतकी ढील ठेवा. साडी घसरेल अशी भीती वाटत असेल, तर नाडी न आवळता खांद्यावर एक जादा पिन लावावी. पिनाही मोजक्याच असाव्यात. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना उघडलेल्या पिनेचा ओरखडाही बराच वेळ वाहत राहतो.

पुरुषांच्या बाबतीत बंद गळ्याचा कोट वा शेरवानी जपून घालावी. जबड्याच्या कोनाखाली, मानेच्या रक्तवाहिनीत, रक्तदाबाची नोंद घेणारे एक संवेदनशील केंद्र असते. काही वृद्धांत त्यावर थोडा दाब पडला तरी नाडी मंदावते आणि भोवळ येते. गळ्याचे बटण घट्ट असताना छायाचित्रकार “आजोबा, मान जरा इकडे वळवा” म्हणतो, आणि नेमक्या त्या क्षणी तोल जाऊ शकतो. वरचे बटण सैल शिवून घ्यावे किंवा उघडेच ठेवून वर उपरणे घ्यावे. काचबिंदू असलेल्यांनी घट्ट टायही टाळावा. तिने डोळ्यातील दाब वाढतो, असे पाहण्यात आले आहे.

फेटा बांधून घेण्यात मोठा आनंद असतो आणि तो जरूर घ्यावा. मात्र तो सर्वांत शेवटी बांधावा, कानावरून येऊ देऊ नये आणि फोटो झाला की उतरवावा. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांच्या कानावर फेटा आला, तर यंत्र शिटीसारखा आवाज करू लागते आणि आजोबा ते काढून ठेवतात. मग छायाचित्रकार काय सांगतो आहे, हे त्यांना कळत नाही आणि सारेजण त्यांच्यावर ओरडू लागतात. श्रवणयंत्र आणि कवळी ही फोटोत लपविण्याची वस्तू नव्हे. ती नसली तर चेहराच हरवल्यासारखा दिसतो.

पाय, पायऱ्या आणि खुर्ची

पडणे हे उतारवयातील फार मोठे संकट आहे. खुब्याचे हाड मोडले की पुष्कळांचे स्वतंत्र चालणे-फिरणे कायमचे कमी होते. म्हणून साडीची लांबी घोट्याच्या किंचित वर असावी आणि धोतराचा सोगा जमिनीवर लोळू नये. नऊवारीचा येथे एक फायदा आहे. कासोट्यामुळे पाय मोकळे राहतात आणि निऱ्या पायांत येत नाहीत. नवी चप्पल त्या दिवशी पहिल्यांदा घालू नये, विशेषतः मधुमेह्यांनी. पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर चप्पल चावते आहे हे कळतच नाही आणि संध्याकाळी फोड दिसतो. रोजची, मागे पट्टा असलेली चप्पल घालावी. फोटोत पाय दिसतातच असे नाही, आणि दिसले तरी काय बिघडले?

काठी वा वॉकर बाजूला काढून “क्षणभर नुसतेच उभे राहा” असे म्हणू नये. काठी हातात असलेला माणूस फोटोत रुबाबदारच दिसतो. ज्येष्ठांना हात असलेल्या, टणक बैठकीच्या खुर्चीवर बसवावे आणि बाकीच्यांनी त्यांच्याभोवती उभे राहावे. बसून उठताना घाई करू नये. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब 20 अंकांनी किंवा खालचा 10 अंकांनी उतरला, तर त्याला वैद्यकीय दृष्ट्या महत्त्व असते. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि कंपवाताच्या काही गोळ्यांनी असे होते. निश्चल उभे राहिल्याने रक्त पायांत साठते आणि चक्कर येते.

फोटोसाठी कंधारचा वा उदगीरचा भुईकोट किल्ला, नांदेडचा गोदाकाठ अशी ठिकाणे तरुणांना भुरळ घालतात. पण दगडी पायऱ्या, ऊन आणि जवळ स्वच्छतागृह नसणे, हे तिन्ही ज्येष्ठांसाठी अडचणीचे आहे. तरुणांचे फोटो तेथे काढा. संपूर्ण कुटुंबाचा मात्र घराच्या अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत किंवा ओसरीवर काढा. वेळ सकाळी नऊच्या आतली किंवा सायंकाळी साडेपाचनंतरची असावी. या वेळचा तिरपा, मऊ प्रकाश चेहऱ्यासाठीही चांगला असतो.

विशेष काळजी लागणाऱ्यांसाठी

पक्षाघात झालेल्या व्यक्तीला कपडे घालताना आधी दुर्बल हात बाहीत घालावा आणि नंतर चांगला. काढताना मात्र आधी चांगला हात काढावा. पुढे बटणांऐवजी टिचबटणे किंवा वेलक्रो लावून घेता येते. वरून ते सदऱ्यासारखेच दिसते. दुर्बल बाजूस शाल किंवा उपरणे सहज पडेल असे घेतले, तर लुळा हात मांडीवर नीट विसावतो.

लघवीची नळी असलेल्यांच्या बाबतीत एक प्रकार नेहमी घडतो. पिशवी दिसू नये म्हणून कोणीतरी ती उचलून मांडीवर ठेवते आणि वर शाल पांघरते. असे कधीही करू नये. पिशवी मूत्राशयापेक्षा वर गेली, की लघवी उलटी आत जाते आणि जंतुसंसर्ग होतो. पिशवी खाली, खुर्चीच्या मागील बाजूस लटकवावी आणि वरून साडीचा घोळ किंवा लुंगी सोडावी. घरी ऑक्सिजन चालू असलेल्यांना समई, निरांजन, उदबत्ती यांपासून दूर बसवावे आणि त्यांच्या अंगावर सुती कपडेच असावेत.

लघवीच्या भीतीने पाणी पिणे बंद करणे हा उपाय नव्हे. लघवी वाढविणारी गोळी त्या दिवशी किती वाजता घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना आदल्या आठवड्यात विचारावे. स्वतःहून चुकवू नये. फोटोपूर्वी एकदा स्वच्छतागृहात नेऊन आणावे आणि सहज सोडता येईल असाच पोशाख असावा.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीसाठी नवे कपडे टाळावेत. ओळखीचा स्पर्श आणि ओळखीचा वास त्यांना धीर देतो. दोनपेक्षा अधिक पर्याय समोर ठेवू नयेत. वेळ सकाळची निवडावी. संध्याकाळी अशा रुग्णांचा गोंधळ व अस्वस्थता वाढते. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिले नाही, तरी हरकत नाही. नातीच्या हातातील फुलाकडे पाहणारी आजी हाही एक सुंदर फोटोच असतो.

पाय वा बोटे सुजत असतील, तर पाटल्या, बिल्वर आणि अंगठ्या जोर लावून चढवू नयेत. वृद्धांची त्वचा कागदासारखी पातळ होते आणि काळेनिळे डाग पडतात. आधीच घट्ट झालेली अंगठी असेल तर ती सोनाराकडून वेळीच मोठी करून घ्यावी. केसांना कलप लावायचा असेल, तर कानामागे थोडासा लावून 48 तास वाट पाहावी आणि खाज वा सूज आली नाही तरच वापरावा. काळ्या मेंदीतही पुष्कळदा तेच रसायन असते. टिकलीच्या जागी पांढरा डाग पडू लागला असेल, तर तो टिकलीच्या चिकटद्रव्याने पडलेला असू शकतो. तेथे टिकली न लावता साधे कुंकू लावावे.

चष्मा काढून ठेवू नये. उन्हात काळा होणारा चष्मा असेल तर सावलीत काही मिनिटे बसावे, म्हणजे डोळे दिसतात. चकाकणारे कापड आणि बारीक चौकटी वा रेघा फोटोत नीट येत नाहीत. भर उन्हात शुभ्र टोपी-सदऱ्याने चेहरा काळवंडलेला दिसतो. किंचित पिवळसर पांढरा रंग अधिक बरा. नवरा-बायकोने एकच रंग घालण्यापेक्षा एकाचा गडद व एकाचा फिकट असा मेळ चेहरे उठावदार करतो.

हा फोटो कशासाठी?

आपला मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. निजामांचे प्रसिद्ध छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हैदराबादेत पडद्यातील स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ काढला आणि त्याचे काम एका स्त्रीकडे सोपविले. फोटो काढून घेणाऱ्याचा संकोच जपणे हा त्या कामाचाच एक भाग आहे, हे तेव्हाही लोकांना समजले होते. आजही आजींना साडी नेसविण्यासाठी त्यांना चालेल अशी एकच व्यक्ती खोलीत असावी आणि दार लोटलेले असावे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-धाराशिवच्या कित्येक गावांतील घरांबरोबर भिंतींवरच्या तसबिरीही ढिगाऱ्याखाली गेल्या. आई-वडिलांचा एकही फोटो उरला नाही, हे दुःख आजही बोलून दाखविणारे लोक आपल्या भागात भेटतात. म्हणून या वर्षीच्या फोटोच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या घरी ठेवाव्यात. मागे तारीख, गाव आणि प्रत्येकाचे नाव ज्येष्ठांनाच विचारून लिहावे. ते लिहिताना ज्या आठवणी निघतात, त्या विस्मरण होऊ लागलेल्या व्यक्तीलाही पुष्कळ वेळ बोलते ठेवतात. जुने फोटो समोर ठेवून गप्पा मारणे हा स्मृतिभ्रंशाच्या काळजीचा एक मान्य भाग आहे.

शेवटी सांभाळ करणाऱ्यांसाठी. घरातील आजारी माणसाची सेवा करणारी सून, लेक, मुलगा किंवा पगारी ताई फोटोच्या दिवशी सर्वांचे कपडे नीट करते, पाण्याचा तांब्या हातात घेऊन कॅमेऱ्यामागे उभी राहते, आणि फोटोत मात्र नसते. तिच्याही कपड्यांचा विचार आधीच करा. आजी-आजोबांना तयार करण्याच्या गडबडीत तिला साडी बदलायला वेळ मिळत नाही, म्हणून निघण्याच्या वेळेत अर्धा तास तिच्यासाठी राखून ठेवा. पाण्याचा तांब्या तेवढा वेळ दुसऱ्या कोणीतरी धरावा, आणि आजींच्या खुर्चीशेजारी, त्यांचा हात हातात घेऊन, तिला उभे करावे.